रविवारचा तास घ्यावा की नको?

प्रश्न: "मी ३६ वर्षांची, दोन मुलांची आई. नागपुरात बँकेत नोकरी करते. मधली काही वर्षं मी मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) फक्त नाताळ आणि ईस्टरलाच जायचे. वडील गेले त्यानंतर पुन्हा नियमित जाऊ लागले, त्याला आता तीन वर्षं झाली. आमच्या पॅरिशमध्ये (आमच्या भागातल्या चर्चमध्ये) मुलांच्या पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या तयारीचा, वर्ग घेणाऱ्या सिस्टरांची मे महिन्यात बदली झाली आणि फादरांनी मला विचारलं, 'तुम्ही घ्याल का?' तेव्हापासून डोक्यातून विषय जात नाही. प्रार्थनेला बसले की तेच आठवतं. पण हे देवाचं पाचारण आहे, की रिकामी खुर्ची भरायला मी सापडले? मला धर्मशिक्षणाचं ज्ञान फारसं नाही. मुलं २२ आहेत, कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या हिंदी, कोणाच्या तामिळ. कॉयरमधल्या एक बाई म्हणाल्या, 'कालपरवा परत आली आणि आता शिकवायला निघाली.' नवरा म्हणतो, आठवड्यातून एकच सुट्टी मिळते. काय करू?"

उत्तर:

ताई, पाचारण की रिकामी खुर्ची, हा पेचच आम्हाला पटत नाही. पॅरिशमधलं पाचारण बहुतेक वेळा रिकाम्या खुर्चीच्या वाटेनंच येतं. मनात ओढ असावी लागते, अंगात कुवत असावी लागते आणि ज्याच्यावर पॅरिशची जबाबदारी आहे त्यानं बोलवावं लागतं. ओढ तुमच्या पत्रात दिसते. बोलावणं आलंच आहे. राहिली कुवत, ती वर्गात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. घरी बसून नऊ दिवसांचे नोव्हेने केले तरी कळत नाही. तेव्हा हो म्हणा, पण एका वर्षापुरतं आणि अटी बोलून घेऊन.

पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी धर्मशिक्षकाच्या कामाला प्रापंचिकांची (फादर-सिस्टर नसलेल्यांची) रीतसर सेवा म्हणून मान्यता दिली. त्याचा विधी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. ती सेवा बिशप देतात, निवड आणि तयारी पाहून, आणि एकदाच. रविवारचा वर्ग घेणाऱ्या प्रत्येकाला ती मिळते असं नाही आणि तुम्ही आत्ता त्याची काळजीही करू नका. मात्र रोमनं, म्हणजे व्हॅटिकननं, तेव्हाच असंही सुचवलं होतं की, मुलांना संस्कारांसाठी तयार करणाऱ्यांना दर वर्षाच्या सुरुवातीला लोकांसमोर रीतसर कामगिरी सोपवावी. हे फादरांकडे मागून घ्या. जुलैतल्या एखाद्या मिस्सेत सगळ्या शिक्षकांना वेदीपुढे बोलावून, आशीर्वाद देऊन पाठवायला दोन मिनिटं लागतात. कॉयरमधल्या बाईंना उत्तर द्यायची वेळ मग तुमच्यावर येत नाही, कारण तुम्हाला कोणी पाठवलं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

त्या बाईंच्या बोलण्यात तपासण्यासारखं एवढंच आहे: तुमचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) आणि दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालंय ना, लग्न चर्चच्या नियमात आहे ना, रविवारची मिस्सा आणि अधूनमधून कन्फेशन (फादरांपुढे पापनिवेदन) सुरू आहे ना. यात कुठे गाठ असेल तर ती आधी फादरांकडे सोडवा. बाकी मधली वर्षं दूर होतात म्हणून कोणी अपात्र ठरत नाही. आपण का येतो, हे ज्याला स्वतःला एकदा विचारावं लागलं आहे, त्याला आठ वर्षांच्या मुलाचा 'रोज रोज मिस्सा कशाला?' हा प्रश्न उद्धट वाटत नाही.

आता अटी. पहिली, वर्ग मिस्सेच्या वेळात नको. बऱ्याच ठिकाणी मोठ्यांची मिस्सा चालू असताना मुलांना मागच्या खोलीत नेतात. त्यात शिक्षिकेचीही मिस्सा जाते आणि ज्या मिस्सेसाठी तयारी करायची तिलाच मुलं मुकतात. दुसरी, खोलीत कायम दोन मोठी माणसं. तिसरी, कोणतं पुस्तक वापरायचं ते फादरांनी ठरवून द्यावं, तुम्ही बाजारात शोधत फिरू नये. चौथी, झेरॉक्स आणि वह्यांचा खर्च पॅरिशनं द्यावा. रक्कम लहान असते, पण चार महिने स्वतःच्या पर्समधून गेली की मनात अढी बसते.

ज्ञान नाही म्हणता, त्याचा हिशेब मांडून पाहू. कॅथलिक चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथात एकूण २८६५ परिच्छेद आहेत. श्रद्धा, संस्कार, ख्रिस्ती आचरण आणि प्रार्थना असे त्याचे चार भाग. सगळा ग्रंथ वाचून मग शिकवायला लागणारं माणूस आम्हाला अजून भेटायचं आहे. पहिल्या कम्युनियनच्या वर्गासाठी सुरुवातीला दोनच तुकडे वाचा: ख्रिस्तप्रसादावरचे परिच्छेद १३२२ ते १४१९ आणि पापनिवेदनावरचे १४२२ ते १४९८. दोन्ही मिळून १७५ परिच्छेद होतात. रोज चार वाचले तर दीड महिन्यात संपतात. त्यानंतर प्रभूच्या प्रार्थनेवरचे २७५९ ते २८६५. वाचताना जे कळलं नाही त्यावर पेन्सिलीनं खूण करा आणि महिन्यातून एकदा फादरांचा अर्धा तास मागा. सेमिनरी हिल्सवरच्या सेंट चार्ल्स सेमिनरीतले एखादे ब्रदर तुमच्या पॅरिशला येत असतील, तर त्यांनाही धरा.

माहितीच्या कमतरतेपेक्षा चुकीची सोपी उदाहरणं जास्त घात करतात. पवित्र त्रैक्य समजावताना पाणी, बर्फ आणि वाफ सांगायची पद्धत सगळीकडे आहे. त्यातून मुलाच्या डोक्यात बसतं की एकच देव तीन वेळा रूप बदलतो, आणि चर्चनं ही शिकवण फार पूर्वीच नाकारली आहे. 'देव एक आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघं आहेत आणि तिघंही एकमेकांवर प्रेम करतात,' एवढं सांगून क्रूसाची खूण नीट करायला लावा. उजवा हात कपाळापासून छातीपर्यंत जाऊ द्या, नाकावरची माशी हाकलल्यासारखा नको. तसंच, मेलेलं बाळ देवदूत होतं, असं सांगू नका. माणसं देवदूत होत नाहीत. आणि होस्टला, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या पातळ भाकरीला, येशूची आठवण किंवा खूण म्हणून मोकळं होऊ नका. 'दिसते भाकर, पण आहे येशू स्वतः' एवढं आठ वर्षांच्या मुलाला सरळ झेपतं. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये पहिल्या कम्युनियनचं वय साधारण सात वर्षांवर आणलं. त्यांनीही मुलाकडून मुख्यतः हेच मागितलं होतं, की ही भाकर रोजच्या जेवणातली नाही हे त्याला कळावं.

वर्षाचं गणित करा. विदर्भात शाळाच जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून वर्ग जुलैत सुरू होतो. दिवाळीची सुट्टी, नाताळ, परीक्षांचे आठवडे आणि मुलं गावी गेलेले रविवार वजा केले की हातात पंचवीसच्या आसपास रविवार उरतात. पुस्तकात ३५ धडे असतील तर दहा गळणार हे जुलैतच मान्य करा आणि कोणते गाळायचे ते फादरांबरोबर ठरवा. नाहीतर मार्चमध्ये धावपळ सुरू होते आणि नेमके कन्फेशन आणि ख्रिस्तप्रसाद हेच धडे घाईत उरकतात.

एका तासात खरी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं हाती लागतात. मिस्सेहून आलेली मुलं भुकेली असतात, म्हणून पहिली पाच मिनिटं बिस्कीट, पाणी आणि हजेरी. मग सगळे उभे राहून छोटी प्रार्थना, मेणबत्ती लावून. त्यानंतर शुभवर्तमानातली एक गोष्ट, दहा-बारा मिनिटं, पुस्तक बंद ठेवून सांगायची. जक्कय झाडावर चढला, उधळ्या पुत्रानं डुकरं राखली, अम्माऊसच्या वाटेवर दोघांनी येशूला ओळखलं नाही. गोष्ट ओळखीची असली तरी चालते, मुलं मध्ये मध्ये पुढचं सांगतात आणि ते चांगलंच आहे. मग त्या गोष्टीतून एकच सत्य, एका वाक्यात. ते फळ्यावर लिहा, वहीत उतरवून घ्या. पुढची दहा मिनिटं हातांना काम: चित्र, नाटुकलं, वेदीवरच्या वस्तूंची नावं. शेवटची पाच मिनिटं शांत बसून प्रार्थना. ही पाच मिनिटं शिक्षक सर्वांत आधी खातात, कारण धडा उरलेला असतो. धडा अर्धवट सोडा, पण प्रार्थना सोडू नका.

बसवताना शाळेसारख्या रांगा न करता अर्धगोल करा. २२ मुलांत चार-पाच वात्रट असणारच, त्यांना एकत्र बसू न देता अर्धगोलाच्या दोन टोकांना, तुमच्या हाताशी ठेवा. शिक्षा म्हणून 'दहा नमो मरिया म्हण' असं कधीही सांगू नका. मूल प्रार्थनेला शिक्षेच्या खात्यात टाकतं आणि ती नोंद पुढे कित्येक वर्षं पुसली जात नाही. 'तुला कम्युनियन मिळणार नाही' ही धमकीही तशीच, आणि ती खरी करण्याचा अधिकारही तुमच्याकडे नाही.

भाषेचा तुमचा प्रश्न नागपुरात प्रत्येक पॅरिशचा आहे. आमचा नियम असा: प्रार्थना त्या भाषेत पाठ करायच्या, ज्या भाषेतल्या मिस्सेला मूल जातं, म्हणजे रविवारी सगळ्यांबरोबर त्याचा आवाज निघेल. समजावणं मात्र त्या भाषेत, ज्या भाषेत ही मुलं ग्राउंडवर भांडतात, आणि ती आपल्याकडे बहुतेक मराठी-हिंदीची मिसळच असते. तामिळ घरातल्या मुलानं आजीकडून शिकलेली प्रार्थना 'चूक' म्हणून पुसू नका. महिन्यातून एकदा त्याला ती वर्गात म्हणू द्या. घरात एक पालक प्रोटेस्टंट असेल, आणि प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या हिस्लॉप कॉलेजच्या या शहरात ते नवलाचं नाही, तर दोन गोष्टी आधीच लक्षात घ्या. दहा आज्ञांचे क्रमांक दोन्हीकडे वेगळे आहेत. मूर्तींबद्दलचं वचन आपण पहिल्या आज्ञेतच धरतो आणि लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करतो. शिवाय प्रोटेस्टंट मामाच्या घरच्या बायबलात ६६ पुस्तकं असतील, आपल्या बायबलात ७३. मूल हे सापडल्यासारखं तुमच्यापुढे आणून ठेवील, तेव्हा गोंधळू नका आणि मामाला वाईट म्हणू नका.

कन्फेशनवर वर्षातले निदान पाच रविवार खर्च करा. चर्चच्या नियमानुसार पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी पापनिवेदन होणं आवश्यक आहे, पण कित्येक ठिकाणी ते आदल्या शनिवारी घाईत उरकतात. ते आगमन काळात (नाताळाआधीच्या आठवड्यांत) किंवा ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या सुरुवातीला घ्या. मग कम्युनियनपर्यंत मुलाचं दुसरं कन्फेशनही होतं आणि पहिल्याची भीती निघून जाते. मुलांना पापांची छापील यादी देऊ नका. दिली की आठ वर्षांचा मुलगा 'मी व्यभिचार केला' असं गंभीरपणे सांगून येतो, कारण यादीत तो सहावा होता. त्यापेक्षा घर, शाळा, खेळ आणि देव असे चार कोपरे सांगा आणि प्रत्येक कोपऱ्यात 'मी मुद्दाम कुठे वाईट वागलो?' हे शांतपणे आठवायला लावा. चुकून ग्लास फुटला ते पाप नाही, खोटं बोलून ते भावावर ढकललं ते पाप, हा फरक मुलांना चांगला कळतो. चिठ्ठीवर लिहायचं असेल तर लिहू द्या, पण ती चिठ्ठी तुम्ही वाचायची नाही आणि कन्फेशननंतर मुलानं स्वतः फाडायची.

एका रविवारी मुलांना रिकामा कन्फेशनल दाखवा. गुडघे कुठे टेकायचे, जाळी कुठे, फादरांच्या गळ्यातली जांभळी पट्टी कसली, सगळं. क्रम पाठ करून घ्या: क्रूसाची खूण, आशीर्वाद मागणं, 'हे माझं पहिलं कन्फेशन आहे', मग पापं, मग फादर सांगतील ते ऐकणं, पश्चात्तापाची प्रार्थना, पापक्षमा, आणि बाहेर येऊन प्रायश्चित्त. प्रार्थना मध्येच विसरली तर फादर मदत करतात, हे दहा वेळा सांगा. मुलांना खरी धास्ती वेगळीच असते: फादर आईला सांगतील का? फादर कोणालाही, कधीही, काहीही सांगू शकत नाहीत, हे स्वच्छ सांगा. तुम्ही स्वतःही बाहेर आलेल्या मुलाला 'काय सांगितलंस?' असं गंमतीनंसुद्धा विचारू नका, आणि पालकांच्या सभेत त्यांनाही हे बजावा. वेळेचा अंदाज घ्या. एका मुलाला तीन-चार मिनिटं धरली तरी २२ मुलांना एका फादरांकडे तास-दीड तास लागतो. दुसरे फादर बोलवा किंवा दोन दिवस करा, नाहीतर शेवटच्या सहा मुलांपर्यंत फादरही थकतात आणि रांगेत मारामारी सुरू होते.

कम्युनियनच्या आधी तीन आठवडे, अजून वेदीवर न गेलेल्या कोऱ्या होस्ट घेऊन सराव करा. कोरडी होस्ट टाळूला चिकटते आणि काही मुलांना उमासा येतो. हे त्या दिवशी पहिल्यांदा घडू नये. हातावर घ्यायची पद्धत असेल तर डावा तळहात वर, उजवा खाली, 'आमेन' ऐकू जाईल असं म्हणायचं, उजव्या हातानं उचलून तिथेच तोंडात घालायची आणि मगच हलायचं. डाव्या हातानं लिहिणाऱ्या मुलाला उलट करू द्या. खाली पडली तर आपण उचलायची नाही, थांबायचं, फादर उचलतील. सरावाची होस्ट आणि मिस्सेतली होस्ट यांतला फरक याच वेळी पुन्हा सांगा, नाहीतर हुशार मूल विचारतं, 'मागच्या आठवड्यात खाल्ली तेव्हा येशू नव्हता का?'

पालकांना आधीच विचारा, कोणाला गव्हाचं पथ्य आहे का. सिलिॲकच्या मुलासाठी अगदी कमी ग्लुटेनची होस्ट चालते. ग्लुटेन पूर्ण काढलेली चालत नाही, हे रोमनं २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. तीही सोसत नसेल तर फादरांना आधी सांगून फक्त कटोऱ्यातून, द्राक्षारसाच्या रूपात, ख्रिस्तप्रसाद देता येतो.

नागपुरात हा सोहळा ईस्टरनंतर, म्हणजे ऐन उन्हाळ्यात येतो. घरातली आजी सांगते, मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही नको. तो नियम आजीच्या आईच्या काळातला. पाण्यानं उपवास मोडत नाही हे १९५३ मध्येच ठरलं आणि १९६४ पासून उपवास ख्रिस्तप्रसादाआधी फक्त एक तासाचा आहे, तोही मिस्सेच्या आधी नव्हे, घेण्याच्या आधी. सातची मिस्सा असेल तर साडेसहाला दूध-बिस्कीट खाल्लेलं चालतं, आणि खायलाच लावा. चक्कर येऊन पडणारी मुलं बहुधा उपाशी आणि जाड सिंथेटिक फ्रॉक किंवा कोटातली असतात. कन्फेशनआधीच्या पालकसभेतच सुती, साधा पोशाख ठरवून टाका, म्हणजे चढाओढही होत नाही. पेटत्या मेणबत्त्या असतील तर नायलॉनच्या जाळीचा बुरखा नको. पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस उभं करा. फोटोग्राफर एकच आणि त्याची जागा ठरलेली. ते जमलं नाही तर पुढचे वीस पालक मोबाईल घेऊन वेदीच्या पायरीवर असतात.

कागदांचं काम जुलैत करा, फेब्रुवारीत नको. प्रत्येकाचा स्नानसंस्काराचा दाखला मागा. रेल्वेच्या किंवा लष्कराच्या बदलीनं आलेल्या घरांचे दाखले चेन्नई किंवा रांचीच्या पॅरिशमधून यायला आठवडे लागतात. दाखले वाचले की तीन तऱ्हेची प्रकरणं निघतात. एक, मुलाचा स्नानसंस्कारच झालेला नाही. सात वर्षं पूर्ण झालेल्या मुलाची तयारी वेगळ्या टप्प्यांनी होते, लगेच फादरांना सांगा. दोन, संस्कार सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चमध्ये) झालाय. पाणी आणि त्रैक्याच्या नावानं झाला असेल तर तो वैध आहे, पुन्हा द्यायचा नाही. पुढचं फादर पाहतील. तीन, घर सिरो-मलबार (केरळमधल्या वेगळ्या परंपरेचं कॅथलिक) आहे. वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली भागात चांदा हा त्यांचाच धर्मप्रांत आहे, आणि नागपुरातही ही कुटुंबं आपल्या पॅरिशना येतात. त्यांच्यात दृढीकरण स्नानसंस्काराबरोबरच देतात. दाखल्यावर ती नोंद असते आणि पुढे दृढीकरणाच्या वर्गात त्या मुलाला पुन्हा दृढीकरण द्यायचं नसतं. तुम्ही वहीत आत्ताच टीप ठेवली तर पाच वर्षांनंतरचा घोळ टळतो.

मुलं आडवे प्रश्न विचारतील. गणपतीच्या दिवसांत 'प्रसाद खाऊ का?' आणि दीक्षाभूमीला जाणाऱ्या मित्राबद्दल 'तो स्वर्गात जाणार नाही का?' हे दोन ठरलेले. दुसऱ्याला उत्तर सोपं आहे: कोण कुठे जाणार ते देव ठरवतो, आपण नाही. दुसऱ्या धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हे व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये लिहून ठेवलंय. पहिल्याला वर्गात फतवा काढू नका. आपण पूजेत भाग घेत नाही आणि मित्राचा अपमानही करत नाही, एवढं सांगून बाकी घरच्यांना विचारायला सांगा. न येणारं उत्तर 'पुढच्या रविवारी सांगते' म्हणून वहीत लिहा आणि खरंच सांगा.

एखादी मुलगी हिंदू किंवा बौद्ध मैत्रिणीला हात धरून वर्गात घेऊन येईल. प्रेमानं बसवा, बिस्कीट द्या, पण त्याच दिवशी तिच्या आई-वडिलांना फोन करा. त्यांच्या माहितीशिवाय पुढच्या रविवारी ती तुमच्या वर्गात नको, आणि पटावर नाव तर नकोच.

सुरक्षिततेत सवलत नाही. दार उघडं, दुसरं मोठं माणूस हजर, मुलांशी खासगी व्हॉट्सॲप नाही, सगळे निरोप पालकांच्या ग्रुपवर. एखाद्या मुलाबद्दल लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. फादरांना सांगितलं म्हणजे ती जबाबदारी संपत नाही. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पालकांची सभा वर्षातून तीनदा पुरते: जुलैत, कन्फेशनच्या आधी आणि कम्युनियनच्या महिनाभर आधी. चर्चच्या कायद्यात मुलांच्या श्रद्धेची पहिली जबाबदारी आई-वडिलांची आहे, तुमची त्यानंतरची. हे त्यांना एकदा सौम्यपणे वाचून दाखवा आणि दोनच गोष्टी मागा: रविवारी मुलाबरोबर स्वतः मिस्सेला येणं आणि रात्री झोपण्याआधी एक प्रार्थना एकत्र म्हणणं. ऑर्डनन्स फॅक्टरीत किंवा हॉस्पिटलमध्ये शिफ्ट असणाऱ्यांना 'दोघांपैकी एक तरी' एवढी सूट द्या.

आता तुमचे मिस्टर. त्यांचं म्हणणं रास्त आहे आणि त्याला श्रद्धेचं कारण देऊन गप्प बसवू नका. तास संपून घरी यायला अकरा होतात. तयारी आठवड्यात दोन तास मागते, ती शनिवारी रात्री एका बैठकीत न करता सोमवारी पुढच्या रविवारचं शुभवर्तमान वाचण्यापासून थोडी थोडी करा. महिन्यातला एक रविवार दुसऱ्या शिक्षिकेला द्या, तो दिवस पूर्ण घरचा. तुमचं स्वतःचं मूल वर्गात असेल तर त्याचं कन्फेशन आणि त्याचे प्रश्न दुसऱ्या शिक्षिकेकडे सोपवा.

कुवतीचा निर्णय नोव्हेंबरमध्ये घ्या. जुलैतल्या उत्साहावर घेऊ नका आणि ऑगस्टमधल्या गोंगाटावरही नाही. तेव्हा शनिवार आला की पोटात गोळा येत असेल, मुलांवर आवाज चढत असेल, किंवा कोणाच्या घरचं काय चाललंय हे वर्गात कळलेलं तुमच्या तोंडून बाहेर जात असेल, तर मार्चपर्यंत वर्ग नीट पूर्ण करा आणि फादरांना दुसरं काम मागा. मिस्सेत बायबल वाचणाऱ्याचं काम आहे, आजाऱ्यांच्या भेटी आहेत, मोठ्यांना स्नानसंस्कारासाठी तयार करणारा गट आहे, जिथे तुमच्या त्या मधल्या वर्षांचा उपयोग मुलांपेक्षा जास्त होईल. आणि तसं काही नसेल, तर पुढच्या वर्षाच्या पुस्तकांची ऑर्डर फेब्रुवारीत द्या, जुलैत ती वेळेवर येत नाहीत.